घंटा आली, समूह मागे राहिला

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ उभे आहे. त्याच्या दर्शनी तटावर एक भलीमोठी घंटा टांगलेली असून तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांनी उभारलेल्या देवालयाशेजारी अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे. भीमाशंकरालाही तशी घंटा दिसते. या घंटांची घडण इथली नाही. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला सर केला. त्या मुलखातील पोर्तुगीज चर्चच्या मनोऱ्यांवरून उतरवलेल्या या घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रातील देवस्थानांना अर्पण करण्यात आल्या. वसईच्या तटाखाली ज्या मावळ्यांनी प्राण वेचले, त्यांच्या पराक्रमाची ती स्मारके आहेत आणि त्यांच्याकडे अभिमानाने पाहणे योग्यच आहे.

परंतु या घंटेचे मूळ ठिकाणी काम काय होते, याचा विचार मात्र सहसा होत नाही. चर्चच्या मनोऱ्यात ती एकजण वाजवीत असे आणि ती सर्वांसाठी असे. तिचा नाद ऐकताच ठरलेल्या वेळी गावाने एकत्र यावे, हा तिचा हेतू. देवळाच्या सभामंडपात घंटा प्रत्येक भक्त स्वतः वाजवतो, स्वतःपुरती वाजवतो आणि दर्शन घेऊन आल्या वाटेने परततो. दोन्ही रीती आपापल्या परीने अर्थपूर्ण आहेत. देव आणि भक्त यांच्यामध्ये कोणाची मध्यस्थी नसावी, हे हिंदू उपासनेचे वैशिष्ट्य आहे आणि ते तिचे वैभवही आहे. तथापि, ज्या काळात गाव, कुळ, जात आणि एकत्र कुटुंब हे समाजाचे जुने आधार झपाट्याने कोसळत आहेत, त्या काळात भक्ताला भक्ताशी जोडणारी व्यवस्था कोणती, हा प्रश्न हिंदू समाजापुढे उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना वसईच्या ख्रिस्ती समाजाकडे डोळसपणे पाहणे उपयुक्त ठरेल.

हा समाज परका नव्हे

गिरीज, भुईगाव, निर्मळ, गास, नंदाखाल, वटार, आगाशी या पट्ट्यातील ख्रिस्ती शेतकरी हा रक्ताने आणि बोलीने इथलाच आहे. या पट्ट्यात सामवेदी ब्राह्मण आहेत, तसेच सामवेदी ख्रिस्तीही आहेत. दोघांच्या घरात एकच कादोडी बोली बोलली जाते. लग्नघरी हळद लागते, मांडव पडतो, वृद्ध स्त्रियांच्या अंगावर लाल लुगडे दिसते. वसईची फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात येतात आणि मुंबईच्या देवघरांत वाहिली जातात. त्या फुलांतील कित्येक ख्रिस्ती मळ्यांत फुललेली असतात.

हा समाज ख्रिस्ती झाला तो पोर्तुगीज राजवटीत. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि पुढली दोनशे वर्षे तिथे तलवार व क्रूस एकाच हुकमतीखाली होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या सणांवर, विवाहांवर, पुरोहितांवर निर्बंध आले. निर्मळचे तीर्थही त्यातून सुटले नाही. त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आली ती वसई मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर. हा इतिहास विसरता येणार नाही आणि विसरू म्हणणाऱ्यांचा हेतूही निर्मळ मानता येणार नाही.

परंतु त्याच इतिहासाचे दुसरे पान तितक्याच महत्त्वाचे आहे. विजयी मराठ्यांनी मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपली उपासना चालू ठेवण्याची मुभा दिली. ज्यांच्या राजवटीने देवळे पाडली होती, त्यांच्या धर्माच्या रयतेवर सूड उगवला गेला नाही. वसईत आज ख्रिस्ती समाज सुखाने नांदतो, याचे एक मोठे कारण मराठ्यांची ही उदारता आहे. उपासनापंथ बदलला म्हणून माणूस राष्ट्रजीवनातून बाद होत नाही, ही भूमिका मराठेशाहीने पुस्तकात लिहिली नाही, ती तहनाम्यात उतरवली. म्हणूनच कोणाच्या प्रार्थनेत विघ्न आणणे किंवा क्रूसाची विटंबना करणे हे चिमाजी अप्पांच्या वारशाशी विसंगत आहे, हे नि:संदिग्धपणे सांगितले पाहिजे.

धर्मग्राम कसा चालतो

इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात, त्याला वसईत 'धर्मग्राम' असा अर्थपूर्ण मराठी शब्द रूढ झाला आहे. १९९८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला आणि हे धर्मग्राम त्याखाली आले. धर्मग्राम म्हणजे चर्चची इमारत नव्हे. कॅथोलिक धर्मकायद्याच्या दृष्टीने तो भाविकांचा एक स्थिर समूह आहे. इमारत त्या समूहासाठी असते.

या समूहातील प्रत्येक माणसाची नोंद असते. मूल जन्मले की स्नानसंस्कार होतो आणि नाव वहीत चढते. पुढे प्रथम ख्रिस्तशरीर, दृढीकरण, विवाह आणि शेवटी मृत्यू. माणसाचे आयुष्य धर्मग्रामाच्या दप्तरात टप्प्याटप्प्याने उमटत जाते. स्नानसंस्कार आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातला आणि तो आजतागायत पाळला जातो. लग्न ठरले की चर्चमध्ये जाहीर घोषणा होते, म्हणजे कोणाचे कोणाशी लग्न होत आहे हे साऱ्या समूहाला कळते. वस्तीवस्तीतून घरांचे लहान समूह केलेले असतात. ते आळीपाळीने एकेका घरी प्रार्थनेला जमतात. गरजू कुटुंबांसाठी संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संघटना असते. रविवारी मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. हिशेब पाहण्यासाठी प्रापंचिक भाविकांचा समावेश असलेले वित्त मंडळ असावे, असे धर्मकायदाच सांगतो. धर्मगुरूची काही वर्षांनी बदली होते, पण समूह जागच्या जागी राहतो. व्यक्ती गेली म्हणून व्यवस्था मोडत नाही.

या साऱ्याचा खरा कस मृत्यूच्या वेळी लागतो. धर्मग्रामात कोणी गेले की चर्चची घंटा विशिष्ट पद्धतीने वाजते आणि गावाला निरोप मिळतो. मृताच्या घरी कोणी जायचे, स्मशानाची व्यवस्था कोणी पाहायची, हे त्या कुटुंबाला विचारावे लागत नाही. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांच्या स्मरणासाठी गावे दफनभूमीत लोटतात, तेव्हा ज्याचे कोणी उरले नाही त्याच्या थडग्याशीही एखादी मेणबत्ती लागते. ज्या समाजात मेलेला माणूस मोजला जातो, त्या समाजात जिवंत माणूस स्वतःला एकटा समजत नाही.

या समूहजीवनाची फळे धर्मापुरती राहिली नाहीत. १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत एक सहकारी पतसंस्था उभी राहिली. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी निघालेली ती संस्था पुढे बसीन कॅथोलिक सहकारी बँक म्हणून नावारूपास आली. रविवारच्या मिस्सेत शेजारी बसणाऱ्यांचा परस्परविश्वास हेच तिचे पहिले भांडवल होते. बिल्डर आणि पाणी उपसणाऱ्या टँकरांच्या विरोधात हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू तिच्या अग्रभागी होता आणि हिंदू शेतकरीही त्यांच्या सोबत होते. गावे जमवायला वेगळी यंत्रणा उभारावी लागली नाही. ती आधीच उभी होती.

भाषेच्या बाबतीतही हा समाज लक्षणीय आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्याच मुळावर घाव घालणारा हुकूम काढला. पुढे कित्येक पिढ्या लॅटिन मिस्सा ऐकत राहिल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविधीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वाट मिळाली. वसईने ती मन:पूर्वक स्वीकारली. या धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला होता. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काही हिंदुत्वनिष्ठ संघटनांनी विरोध केला होता. त्या वादाविषयी कोणाचे काहीही मत असो. २०२४ मध्ये निधन पावलेल्या या नंदाखालच्या सुपुत्राची मराठी ही मातृभाषा होती आणि तिची सेवा त्यांनी केली, हे नाकारता येत नाही.

देवळात गर्दी आहे, नोंद नाही

आता दुसरी बाजू पाहावी. वसईच्या या हिरव्या पट्ट्याला लागूनच नालासोपारा आणि विरारची अफाट वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर नोंदली गेली. कोकणातून, घाटावरून, उत्तर भारतातून आलेली लक्षावधी हिंदू कुटुंबे इथे राहतात. पहाटेच्या लोकलने जायचे आणि रात्रीच्या लोकलने परतायचे, हे त्यांचे जीवन. त्यांच्या भागात देवळांना तोटा नाही. गणेशोत्सवात, नवरात्रात रस्ते ओसंडून वाहतात. परंतु चौथ्या मजल्यावरचा म्हातारा तीन आठवडे देवळात आला नाही, हे कोणाच्या लक्षात येते? नोकरी गेलेल्या तरुणाच्या घरी कोण जाते? परगावाहून आलेल्या कुटुंबात मृत्यू घडला, तर खांदा द्यायला चार माणसे कोण गोळा करते? शेजारधर्म अजून संपलेला नाही, म्हणून वेळ निभावते. पण तो शेजारधर्म आहे, देवळाची व्यवस्था नव्हे. देवळाला त्या माणसाचे नावही ठाऊक नसते.

याला केवळ भाविकांची उदासीनता कारण नाही. देवस्थानांची रचनाही कारण आहे. महाराष्ट्रातील देवस्थाने १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येतात. पंढरपूरसाठी १९७३ चा, सिद्धिविनायकासाठी १९८० चा आणि शिर्डीसाठी २००४ चा असे स्वतंत्र कायदे आहेत. या साऱ्या कायद्यांचा भर मिळकत, उत्पन्न आणि विश्वस्त यांवर आहे. भक्त हा त्या देवस्थानाचा घटक आहे, त्याचे काही कर्तव्य आहे आणि त्याच्याविषयी देवस्थानाचेही काही कर्तव्य आहे, ही कल्पनाच त्यात नाही. भक्त येतो, दान टाकतो, रांगेतून पुढे सरकतो. दानपेटीची मोजदाद होते. माणसांची होत नाही.

नेमक्या याच पोकळीत धर्मांतराचे काम चालते. वसईचे जुने धर्मग्राम ते काम करीत नाहीत. ते करतात शहराच्या कडेच्या वस्त्यांतून, भाड्याच्या खोल्यांतून भरणाऱ्या, रोगमुक्तीची आश्वासने देणाऱ्या प्रार्थनासभा. आमिष, भीती आणि फसवणूक यांचा जिथे वापर होतो, तिथे कायद्याने आपले काम केलेच पाहिजे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेने कोणालाही दिलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले आहे. पण कायदा फसवणूक रोखू शकतो, एकटेपणा दूर करू शकत नाही. त्या सभेत जाणाऱ्या बहुतेक आजारी, कर्जबाजारी, दारुड्या नवऱ्याला कंटाळलेल्या स्त्रियांना नवा देव नको असतो. आपल्याला कोणी नावाने विचारावे, एवढेच त्यांना हवे असते. ते देवळात मिळाले असते, तर त्या तिकडे वळल्या नसत्या.

परत येणाऱ्यांच्या बाबतीतही हिंदू समाजाचे वर्तन तपासण्यासारखे आहे. १९२८ मध्ये विनायक महाराज मसूरकर यांनी गोव्यातील हजारो गावड्यांना शुद्धी करून स्वधर्मात आणले. पोर्तुगीज सत्तेच्या नाकावर टिच्चून केलेले ते कार्य अलौकिक होते. परंतु परतलेल्यांना पुढे 'नवहिंदू गावडे' हे नाव चिकटले आणि ते पिढ्यान्पिढ्या टिकले. घराचे दार उघडले, पण पंगतीत पाट मांडायला उशीर झाला. शुद्धीचा विधी एका दिवसात होतो. सामावून घेण्याचे काम रोजचे असते आणि ते करणारी संस्थाच नव्हती.

चर्चसमोरचे प्रश्न

धर्मग्रामाच्या व्यवस्थेतून शिकावे असे म्हणणे म्हणजे चर्चविषयीचे मूलभूत आक्षेप गुंडाळून ठेवणे नव्हे. नोव्हेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले आणि ऐन दिवाळीच्या सुमारास, तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक कापायचे आहे, असे त्यांनी घोषित केले. ज्या देशाने सन्मानाने स्वागत केले, त्या देशाच्या धर्मश्रद्धांना कापणीचे शेत समजणे हे कोणत्या संवादात बसते? मार्च २००० मध्ये त्याच पोपमहोदयांनी चर्चच्या पुत्रांकडून सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल क्षमायाचना केली. ती स्वागतार्ह होती, पण सर्वसाधारण शब्दांत होती. गोव्यात आणि वसईत जे घडले, त्याचा नाव घेऊन उच्चार व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरा प्रश्न स्वायत्ततेचा आहे. बिशपाची अंतिम नेमणूक रोमहून होते. वसईच्या शेतकऱ्याला त्यात मत नाही. २००० साली तत्कालीन सरसंघचालक सुदर्शनजींनी स्वदेशी चर्चची कल्पना मांडली, तेव्हा तिचा विपर्यास करण्यात आला. ज्यांनी मिस्सा मराठीत आणली, तुकोबांवर प्रबंध लिहिला, त्यांना ही कल्पना अस्वाभाविक वाटण्याचे कारण नाही. भाषा इथली, माणसे इथली, माती इथली; मग 'तारणाचा मार्ग एकच' हा आग्रह तेवढा बाहेरचा का राहावा? शेजाऱ्याची उपासनाही ईश्वरापर्यंत पोहोचते, असे वसईचा ख्रिस्ती माणूस निर्मळच्या यात्रेकडे पाहताना मनोमन जाणत असणारच. ते व्यासपीठावरून म्हणण्याचे धैर्य धर्मगुरूंनी दाखवले, तर उरलेले अंतर मिटायला वेळ लागणार नाही.

अनुकरण नव्हे, पुनरुज्जीवन

हिंदू समाजाने धर्मग्रामाची नक्कल करावी, असा याचा अर्थ नाही. बिशप, धर्मकायदा आणि एकच ग्रंथ यांची चौकट हिंदू प्रकृतीला मानवणारी नाही. त्याची गरजही नाही, कारण समूहभक्तीची परंपरा इथे मुळातच आहे. वारीतील दिंडीला वीणेकरी असतो, क्रम असतो, मुक्कामाची व्यवस्था असते आणि आपल्या दिंडीतला वारकरी मागे राहिला तर ते कळते. लोकमान्यांनी गणेशोत्सव चौकात आणला तो याच विचाराने. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे राहिले, तेव्हा सर्व जातींच्या हिंदूंनी एका गाभाऱ्यासमोर उभे राहावे, हाच त्यामागचा संकल्प होता. उत्सवाचे दहा दिवस आणि वारीचे तीन आठवडे यांत जे घडते, ते वर्षाचे बावन्न आठवडे घडावे, एवढेच करायचे आहे.

त्यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. प्रत्येक वस्तीतील देवळाने आपल्या परिसरातील कुटुंबांची वही ठेवावी. तीत जात विचारू नये. आठवड्यातून एक वार आणि एक वेळ ठरवून सामूहिक आरती व्हावी आणि आरतीनंतर पाच मिनिटे वस्तीतील आजारी, अडलेले, नव्याने आलेले यांची चौकशी व्हावी. मुलांसाठी संस्कारवर्ग देवळाच्या ओसरीत भरावा. घरी मृत्यू झाला तर धावून जाणाऱ्या दहा जणांची नावे फळ्यावर लिहिलेली असावीत. विश्वस्तांनी वर्षातून एकदा भक्तांसमोर हिशेब वाचावा. मोठ्या देवस्थानांनी आपल्या उत्पन्नातील काही वाटा अशा छोट्या देवळांच्या सेवाकार्याला द्यावा. संघाच्या शाखेने रोज एक तास एकत्र येण्याचे सामर्थ्य काय असते, हे दाखवून दिले आहे. ते सूत्र देवळाच्या ओसरीपर्यंत नेणे अशक्य नाही.

वसईची मोहीम जिंकून मराठ्यांनी दोन गोष्टी साधल्या. त्यांनी परकी सत्ता हटवली आणि पराभूतांच्या रयतेला अभय दिले. तिसरे काम पुढच्या पिढ्यांवर सोडलेले होते. आणलेल्या घंटेभोवती समाज गोळा करण्याचे ते काम अडीचशेहून अधिक वर्षे रेंगाळले आहे. शेजारच्या धर्मग्रामाला त्याबद्दल दोष देऊन ते पुरे होणार नाही.